घरच्या सर्व्हरमधली एक हार्डडिस्क गेली, आता काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठ दिवस आधी रात्री साडेअकराला मोबाईलवर मेल आला, पूल डिग्रेडेड, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या साठ्यातली एखादी डिस्क गेलीय. आमचा सर्व्हर म्हणजे जिन्याखाली ठेवलेला जुना डेस्कटॉप, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, ट्रूनॅस (असा सर्व्हर चालवायची सिस्टीम) टाकलेलं, रेडझेड-१ मध्ये, म्हणजे चारही डिस्क मिळून एकच साठा. त्यावर घरातले सगळे फोटो, आण्णांनी स्कॅन करून ठेवायला लावलेले सातबारे आणि खरेदीखतं, आणि आजीने म्हटलेली अखाजीची झोक्यावरची गाणी, जी दुसरीकडे कुठेच नाहीत. आजी आता नाही. मेल वाचून पोटात गोळा आला आणि पुढच्या तासाभरात मी जेवढ्या चुका करता येतात त्यातल्या निम्म्या केल्या. तुम्ही करू नका म्हणून हे सगळं ओळीने लिहून ठेवतोय.

मी ट्रूनॅसचं सांगतोय पण सिनॉलॉजी असो की ओपनमीडियाव्हॉल्ट अशी दुसरी सिस्टीम, क्रम तोच, फक्त बटणाचं नाव वेगळं. सिनॉलॉजीत स्टोरेज मॅनेजरमध्ये 'रिपेअर' असतं, ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये 'रिकव्हर'.

१. आधी हात मागे घ्या

डिग्रेडेड म्हणजे डेटा गेला असं नाही. रेडझेड-१ किंवा रेड-५ मध्ये (रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एक करायची पद्धत) एक डिस्क गेली तरी बाकीच्या मिळून सगळा डेटा देतात, फक्त आता दुसरी जायला जागा उरलेली नाही. म्हणजे आत्ता या घडीला तुमचा डेटा आहे आणि तो घालवू शकणारा घरातला सगळ्यात धोकादायक माणूस म्हणजे तुम्हीच, रात्री साडेअकराला, घाबरलेले, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन.

म्हणून लगेच रीस्टार्ट मारू नका, कुठली डिस्क खेचू नका, इंटरनेटवर दिसलेली कमांड चिकटवू नका. एवढंच करा: टोरेंट बंद, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्यावर जात असेल तर ते बंद, रात्रीचे ठरलेले स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) आणि बॅकअपचे टास्क थांबवा. उरलेल्या डिस्कवर विनाकारण ताण नको. मग स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि झोपा. खरंच झोपा.

२. डिस्कच गेलीय का केबल?

हे मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा महागात पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एरर यायला लागल्या, मी मोठ्या शहाणपणाने नवीन डिस्क आणली, जुनी काढली, आणि त्यात घरचा डेटा आहे, कोणाच्या हाती लागायला नको म्हणून हातोडीने फोडून भंगारवाल्याला दिली. पंधरा दिवसांनी नव्या डिस्कवर त्याच एरर. दोष होता डिस्क बोर्डला जोडणाऱ्या स्वस्तातल्या साटा केबलचा. म्हणजे चांगली धडधाकट डिस्क मी स्वतःच्या हाताने फोडली होती, घरात अजून त्यावरून ऐकून घ्यावं लागतं.

तर डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (तिने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) उघडा आणि हे नंबर बघा. ५ म्हणजे खराब सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) बदलून दुसरे दिले ते किती. १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. १९८ म्हणजे वाचताच आले नाहीत ते. या तिघांत रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात शून्याऐवजी आकडा दिसतोय आणि रोज वाढतोय, तर डिस्कची वेळ भरली. पण हे तिन्ही शून्य आहेत आणि फक्त १९९, म्हणजे सीआरसी एरर, वाढतोय तर डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या रस्त्यात गडबड आहे, केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. १९९ चा आकडा केबल बदलल्यावर परत शून्य होत नाही, तो फक्त वाढायचा थांबतो, त्यामुळे आजचा आकडा लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी परत बघा.

डिस्क अजिबात दिसतच नसेल तर पॉवरची पिनही बघा. उन्हाळ्यात धूळ, आणि आमच्याकडे तर जिनिंगच्या सीझनला कापसाची उडणारी रुई सगळीकडे, पंख्यात, कनेक्टरमध्ये, कुठेही बसते. आणि साच्यात ओतलेल्या स्वस्त मोलेक्स-ते-साटा (जुन्या पॉवरच्या पिनेवरून डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरवर डिस्क चालवत असाल तर तो आजच काढून टाका, ते आतल्या आत शॉर्ट होऊन वितळतात, आग लागल्याचेही प्रकार झालेत.

३. बॅकअप, आत्ता, डिस्क विकत घ्यायच्या आधी

रेड म्हणजे बॅकअप नाही हे सगळे सांगतात आणि सगळे ऐकून सोडून देतात, मीही. पण डिग्रेडेड पूलला त्याचा खरा अर्थ कळतो. नवीन डिस्क बसवल्यावर उरलेल्या तीनही डिस्क तासन्तास सलग वाचल्या जाणार. त्या तिघी सहसा एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या असतात, वय तेच, उन्हाळे तेवढेच खाल्लेले. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा न वाचता येणाऱ्या चुकीचं प्रमाण १० च्या १४ व्या घाताइतक्या बिट्सना एक असं छापलेलं असतं, म्हणजे साधारण १२.५ टीबी वाचल्यावर एक. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या वागतात पण भरवसा ठेवून बसायची ही वेळ नाही.

झेडएफएसमध्ये (ट्रूनॅस डेटा ठेवायला हेच वापरतं) अशी एखादी चूक निघाली तर ती नेमकी फाइल खराब म्हणून यादीत दाखवतो आणि पुढे जातो. काही जुने हार्डवेअर रेड कार्ड मात्र तिथेच हात वर करतात.

सगळं कॉपी करायला जागा नसेल तर निवडा. सिनेमे परत मिळतील. मी लॅपटॉपला एक्स्टर्नल डिस्क लावून आधी आजीच्या गाण्यांचा फोल्डर घेतला, मग कागदपत्रं, मग फोटो वर्षानुवर्षाने. बाकी गेलं असतं तरी चाललं असतं.

४. नेमकी कोणती डिस्क? सिरियल नंबर, बाकी काही नाही

इथे माझी दुसरी चूक. स्क्रीनवर लिहिलं होतं एसडीसी फॉल्टेड. मी म्हटलं ए बी सी, म्हणजे वरून तिसरी. मशीन चालू, कॅबिनेट उघडं, तिसरी डिस्क खेचली. आतून आण्णा ओरडले, "काय व्हयनं रे, टीव्ही बंद पडना!" ते त्याच सर्व्हरवरून कीर्तन बघत होते. मी चांगली डिस्क खेचली होती. एक आधीच गेलेली, एक मी काढलेली, पूल सस्पेंड.

वाचलो कारण पूल त्या वेळी सस्पेंड झाला म्हणजे त्याने लिहिणंच थांबवलं. मशीन बंद केलं, डिस्क परत त्याच जागी घट्ट बसवली, चालू केलं, पूल परत डिग्रेडेडवर आला. डिग्रेडेड हा शब्द बघून इतका आनंद कोणाला झाला नसेल. असं काही तुमच्याकडून झालं तर तेव्हाही हाच क्रम: काढलेली परत लावा, बंद करून चालू करा, आणि फॉरमॅट, इनिशियलाइज, नवीन पूल असलं काही विचारलं तर नाही म्हणा.

एसडीए, एसडीबी ही नावं डिस्कची नाहीत, चालू होताना सिस्टीम ज्या क्रमाने ओळखते त्याची आहेत, रीस्टार्टनंतर बदलू शकतात. डिस्कचा खरा आधार नंबर म्हणजे तिचा सिरियल नंबर. ट्रूनॅसमध्ये डिस्कच्या यादीत प्रत्येकीसमोर तो दिसतो. गेलेल्या डिस्कचा सिरियल कागदावर लिहून घ्या. ती इतकी मेली असेल की सिरियलही दिसत नाही, तर उलटं करा, जिवंत तीनचे लिहा, जी यादीत नाही ती गेलेली. मग मशीन बंद करून डिस्कच्या लेबलशी अक्षर अन् अक्षर जुळवा. शेवटचे चार अक्षर जुळले की झालं असं मला वाटायचं, पण एका खोक्यातल्या डिस्कचे सिरियल एकमेकांसारखेच असतात, पूर्ण वाचा.

५. नवीन डिस्क घेणं

जिथून १९४५ साली विप्रो निघाली, तेव्हा ती वनस्पती तूप बनवायची हा भाग वेगळा, त्या अमळनेरात मला नॅसची, म्हणजे अशा साठवणीच्या सर्व्हरसाठी बनवलेली, डिस्क मिळाली नाही. गाडीने जळगाव, तासाभराचा रस्ता, गोलाणी मार्केट. तुम्ही धुळे, नंदुरबार, चाळीसगाव कुठेही असा, दुकानात एक गोष्ट सारखीच दिसेल, ४ टीबीची तयार मिळणारी डिस्क म्हणजे सीसीटीव्हीवाली. गावोगाव कॅमेरे लागलेत, तोच माल खपतो. दुकानदार म्हणेल, भाऊ सगळ्या सारख्याच. अगदीच अडलं तर सीसीटीव्हीची डिस्क चालते, चालत नाही असं नाही, पण ती सतत लिहीत राहण्यासाठी बनवलेली, आपलं काम वाचण्याचं जास्त. दोन दिवस थांबून ऑर्डर करायला सांगा.

खरं बघायचं ते एकच, सीएमआर आहे का एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये त्या एकावर एक कौलांसारख्या चढवलेल्या असतात, त्यामुळे मधली एक बदलायची तर पुढच्या पण परत लिहाव्या लागतात. रोजच्या वापरात कळत नाही, पण पूल परत भरताना सलग लिहावं लागतं आणि ही डिस्क दमून बसते. २०२० मध्ये उघड झालं की डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) साध्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर निघाल्या, खोक्यावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. मग कंपनीने सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं नाव दिलं. (ही रेड म्हणजे लाल, आपली डिस्क जोडायची ती रेड वेगळी, दुकानात यावरून अर्धा तास गोंधळ होतो.) म्हणजे रेड प्लस, रेड प्रो, किंवा सीगेटची आयर्नवुल्फ घ्या. डेस्कटॉपची ४ टीबीची बॅराकुडा स्वस्त दिसते, ती एसएमआर आहे, सोडा.

नॅसच्या डिस्कचा अजून एक फायदा, खराब सेक्टर लागला तर ती साधारण सात सेकंदांत हार मानून कळवते. डेस्कटॉपची डिस्क कितीतरी वेळ तिथेच झटत बसते आणि तोवर सिस्टीम समजते की ही पण मेली.

साइज सारखी किंवा मोठी. लहान घेऊ नका. ४ टीबीच्या जागी ६ टीबी बसवली तरी चालेल, फक्त वरचे २ टीबी बाकीच्या मोठ्या होईपर्यंत पडून राहतील. आणि सिस्टीम ४ टीबीला ३.६४ दाखवते, त्यात फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी.

दुकानातच तपासा: खोक्याचं सील, लेबलवरचा सिरियल आणि बिलावरचा सिरियल एकच का, आणि कंपनीच्या साइटवर सिरियल टाकून भारतात वॉरंटी लागू दाखवते का. घरी आल्यावर स्मार्टमध्ये ९ नंबर, म्हणजे किती तास चाललीय, तो शून्याच्या आसपास हवा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास वापरलेल्या सीगेटच्या डिस्क तास शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं बाहेर आलं. तो आकडा पुसता येतो, पण सीगेटमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, तिथला तासांचा आकडा जुळतो का तेही बघून घ्या.

६. जवळ काय काय लागेल

सिरियलचा कागद. नवीन डिस्कचं बिल (फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरचं बिल आमच्या उन्हाळ्यात एका वर्षात कोरं होतं). जुन्या डिस्कचं बिल, वॉरंटी शिल्लक असू शकते. स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक जादा साटा केबल, धूळ झटकायला रंगाचा कोरडा ब्रश, उजेडाला बॅटरी, कागदी चिकटपट्टी आणि मार्कर. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्याचे स्क्रू लागतात, एसएसडीचे बारीक आट्याचे त्यात घुसवू नका, जुन्या डिस्कचेच काढून लावा.

७. बदलायची कशी

घरी जोडलेल्या मशीनला चालू स्थितीत हात लावू नका. हॉट-स्वॅपचे (मशीन चालू असताना डिस्क बदलता येणारे) ट्रे असलेली तयार पेटी असेल तर ठीक, आपला डेस्कटॉप म्हणजे ती नव्हे.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. बोर्डवर साटाचा एक पोर्ट रिकामा असेल आणि जुनी डिस्क रडत-खडत का होईना चालू असेल तर तिला काढूच नका. नवीन डिस्क जादा पोर्टला लावा आणि रिप्लेस करा. झेडएफएस त्या आजारी डिस्ककडून जे वाचता येतं ते पण घेतो, म्हणजे मधल्या वेळात दुसऱ्या एखाद्या डिस्कवर एक सेक्टर अडला तरी भागतं. काम झाल्यावर जुनी आपोआप पूलमधून सुटते.

पोर्ट नसेल किंवा डिस्क पूर्ण मेली असेल तर स्टोरेजमध्ये जाऊन तुमच्या पूलमधल्या डिस्कची यादी उघडा, गेलेली डिस्क निवडा, सिरियल परत एकदा कागदाशी जुळवा, ऑफलाइन करा. मग शटडाउन, प्लगची पिन काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. डिस्क काढा, त्याच जागी नवीन बसवा, केबल टक् आवाज येईपर्यंत दाबा. आत आहातच तर ब्रश फिरवून घ्या. चालू करा, परत त्याच पानावर जाऊन त्या ऑफलाइन ओळीवर रिप्लेस दाबा, यादीतून नवीन डिस्क निवडा. यादीत एकच नाव दिसायला हवं. दोन दिसत असतील तर थांबा, दुसरी कोणती ते आधी शोधा.

पूल वाढवा, नवीन व्हीडेव्ह (पूलमधला डिस्कचा गट) जोडा अशा बटणांकडे बघू पण नका. तिथून डिस्क चुकून जोडली गेली तर रेडझेडच्या पूलमधून ती परत काढता येत नाही, सगळा पूल नव्याने बांधावा लागतो.

८. रिसिल्व्हरिंग, म्हणजे वाट बघणं

नवीन डिस्क भरायच्या कामाला झेडएफएसमध्ये रिसिल्व्हर म्हणतात, आरशाचा पारा उडाला की परत चढवतात ना, तिथून आलंय. झेडएफएस फक्त भरलेला भाग लिहितो, साधं सॉफ्टवेअर रेड मात्र रिकामी जागासुद्धा लिहून काढतं. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तर पूर्ण ४ टीबीला साडेसात तास, प्रत्यक्षात त्याहून जास्त. माझं साडेनऊ तास चाललं. सुरुवातीला स्क्रीन सहा दिवस वगैरे काहीही दाखवते, घाबरू नका, अर्ध्या तासाने आकडा जागेवर येतो.

आपल्याकडे इथे दोन शत्रू, ऊन आणि लाईट.

एप्रिल-मे मध्ये बाहेर ४४-४५, आमच्या जिन्याखाली दुपारी ३९, आणि डिस्क त्याच्यावर दहा-पंधरा डिग्री. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० ते ६५ ची लिहिलेली असते पण मी ५० च्या वर गेलं की अस्वस्थ होतो. म्हणून संध्याकाळी ऊन उतरल्यावर सुरू करा, रात्रभर चालू द्या. कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावा. कूलर मात्र समोर लावू नका भो, मला तो मोह झाला होता, कूलरची हवा ओली असते आणि आपल्या पाण्याचे पांढरे डाग कूलरच्या जाळीवर बघितलेच असतील, ते बोर्डवर नकोत.

लाईट गेली तर रिसिल्व्हर पहिल्यापासून सुरू होत नाही, मशीन परत आलं की झेडएफएस जवळपास तिथूनच पुढे जातो. पण दर अर्ध्या तासाला झटका बसणं जुन्या डिस्कला चांगलं नाही. यूपीएस असेल तर उत्तम. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याच्या मागे एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. नॉर्मलवर असेल तर पंखा-ट्यूबला फरक पडत नाही पण लाईट गेल्यावर बदलायला जो वेळ लागतो त्यात कॉम्प्युटर बंद पडतो. यूपीएस मोडवर करा. आमचं बटण चार वर्षं नॉर्मलवर होतं, कोणी मागे वाकून बघितलंच नव्हतं.

मी रात्री दोनदा उठून बघितलं. काही उपयोग नसतो पण बघितलं जातं.

९. झाल्यावर

पूल ऑनलाइन दिसला की त्याच दिवशी स्क्रब नको, डिस्क थंड होऊ द्या, एक-दोन दिवसांनी रात्री स्क्रब लावा. एरर शून्य आल्या की बंद केलेले टास्क परत चालू करा, हे विसरायला होतं, माझा बॅकअप टास्क महिनाभर बंदच होता. महिन्यातून एकदा स्मार्टची लाँग टेस्ट आणि मेल अलर्ट लावून ठेवा, आणि मेल खरंच येतो का ते टेस्टचं बटण दाबून बघा. प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला चिकटपट्टीवर पूर्ण सिरियल लिहून लावा, असं की डिस्क न काढता वाचता येईल.

जुनी डिस्क वॉरंटीत असेल तर कंपनीच्या साइटवर सिरियल टाकून क्लेम करा, फोम असलेल्या खोक्यात पॅक करून पाठवा, पावती जपा. मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा) होता तर त्या एका डिस्कवर तुमचा सगळा डेटा वाचण्यासारखा पडलेला असतो, चालू होत असेल तर आधी पूर्ण पुसा, होत नसेल आणि त्यात कागदपत्रं असतील तर वॉरंटी सोडायची का ते तुमचं तुम्ही ठरवा. रेडझेडमध्ये तुकडे असतात, पण लहान फाइल एखाद्या तुकड्यात पूर्ण असू शकते.

बदल्यात सहसा दुरुस्त केलेली डिस्क येते, नवी कोरी नाही. माझी तशीच आली. लाँग टेस्ट करून, तारीख टाकून, ती आण्णांच्या कपाटात खरेदीखतांच्या फाइलवर ठेवलीय, पुढच्या वेळी जळगावला पळायला नको म्हणून.